कुठला लिन?

सकाळी यंत्राचं सगळं झाल्याशिवाय ह्वेईलान गरम पाण्याच्या पेल्यालाही हात लावत नसे. आधी त्याच्यावरचं काळं कापड काढायचं. मग रंग फेकणाऱ्या डोक्याखालची ओली गादी बाजूला घ्यायची. त्या डोक्याला केसाहून बारीक अशी शेकडो भोकं. साफ करायच्या पाण्यात भिजवलेला स्पंज त्यांवरून एकदाच आणि एकाच दिशेनं फिरवायचा; लालचा वेगळा, काळ्याचा वेगळा, निळ्या-पिवळ्याचे वेगळे. पांढरा रंग रात्रभरात तळाशी बसतो, म्हणून त्याची बाटली हलवायची. जांभळ्या दिव्याची काच पुसायची, रूळ पुसून त्यांवर तेलाचं बोट फिरवायचं. शेवटी भिंतीवर चिकटवलेल्या कागदावर बारीक रेघांची एक चौकट छापायची आणि ती डोळ्यांत तेल घालून बघायची. एकही रेघ तुटलेली नाही, एका रंगात दुसरा उतरलेला नाही, अशी खात्री झाली की मग कामाला सुरुवात.

“माझ्या आईची एवढी सेवा कधी केली नाहीस,” तिचा नवरा, फान योंगलिन, रोज म्हणायचा.

“तुझी आई रोज सकाळी तुंबत नव्हती,” ती म्हणायची.

पाच वर्षं दोघं एका लहान गाडीत हे यंत्र घालून चीनच्या च्यांगशी प्रांतातल्या डोंगराळ गावांतून फिरत होती. एक उंच खांब, खाली रूळ. डोकं खांबावर वर-खाली पळतं, खांब रुळावरून बाजूला सरकतो आणि भिंतीवर चित्र उमटत जातं. रंग पडला की जांभळा दिवा त्याला जागच्या जागी वाळवतो. मग तो नखानं निघत नाही, पाण्यानं नाही, उन्हानं नाही. कमळं, बगळे, मासे धरलेली गुबगुबीत पोरं, स्वच्छतेची वचनं असं काय काय त्यांनी छापलं होतं. नावं मात्र पहिल्यांदाच छापत होती.

काम लाईवू गावातलं होतं. लाई कुळाचं पूर्वजांचं मंदिर नव्यानं उभं राहिलं होतं, आणि आतल्या मोठ्या भिंतीवर कुळातल्या चारशे बारा माणसांची नावं हवी होती. वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी तिथं पूर्वजांची पूजा व्हायची, आणि तो दिवस उद्यावर आला होता. नावांची यादी तिंग आजोबांनी केली होती. ते एकोणऐंशी वर्षांचे, कुळाची वंशावळ सांभाळणारे. एकेक अक्षर त्यांनी भिंग लावून तीनदा तपासलं होतं.

“बाई, चित्र चुकलं तर बगळ्याला बदक म्हणून वेळ मारून नेता येते,” यादी हातात देताना ते म्हणाले होते. “नावाचं तसं नाही. जिवंत माणसाचं लाल, गेलेल्याचं काळं. इकडचं तिकडे होता कामा नये.”

हे तिला सांगायची गरज नव्हती. तिच्या स्वतःच्या सासऱ्याच्या थडग्यावर सासूचं नाव अकरा वर्षं लाल होतं. सासू गेली त्या दिवशी योंगलिननंच ब्रश घेऊन ते काळं केलं होतं.

सकाळभर काम सुरळीत चाललं. दाट धुकं पडलं होतं आणि मंदिराच्या मधल्या उघड्या चौकातून ते आत झिरपत होतं. डोक्याची सर्रर्र, मग टक्, पुन्हा सर्रर्र, खाली एवढाच आवाज. वर छपरावर लाई यूकन कौलं बसवत होता. चौतिशीचा, बिनलग्नाचा, तोंडाचा पट्टा सतत चालू.

“वहिनी,” तो चौकाच्या कडेवरून खाली वाकून ओरडला, “माझं नाव जरा ठसठशीत छापा हं! पुढल्या महिन्यात मुलीकडचे येणारेत.”

“नाव बघून कोण मुलगी देतं?”

“तोंड बघून देत नाहीत, तो प्रयोग करून झालाय!”

ती हसली. पोरगा चांगला होता.

दुपारी तिंग आजोबांच्या सुनेनं जेवायला बोलावलं. शेवटच्या पट्ट्यातल्या दोन नावांबद्दल आजोबांना काही सांगायचं होतं, म्हणून ह्वेईलान यादी घेऊन त्यांच्याकडेच बसली. “डोकं गादीवर ठेव, झाकून ये,” तिनं नवऱ्याला बजावलं. तो हो म्हणाला. खारवलेली भाजी, भात आणि आल्याचं गरम सार असं त्यानं उभ्या उभ्याच उरकलं आणि निघून गेला. त्याला अंधाराआधी काम संपवून डोंगर उतरायचा होता. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग म्हणतात तसला हा गडी, लग्नातही वरातीच्या पुढे चालत आला होता.

आजोबांचं बोलणं संपवून ती परत निघाली तेव्हा यंत्राचा आवाज धुक्यातून तिला ऐकू आला. तिनं झपाझप पावलं उचलली. तिच्याशिवाय त्यानं कधी यंत्र सुरू केलं नव्हतं.

आत जाताच तिनं विचारलं, “पुसून घेतलंस?”

“घेतलं.”

“रेघा छापून बघितल्यास?”

“बघितल्या गं बाई.”

कागदावर सकाळची एकच चौकट होती. पाण्याच्या डब्यात एकच स्पंज पडला होता, काळ्याचा, आणि त्यातून निघालेला रंग पाण्यात पसरत होता. त्यानं त्याच एका स्पंजानं सगळी भोकं पुसली होती. काळा लालच्या भोकांत शिरला होता. असं झालं की पहिले काही इंच रंग बिघडून येतो, मग आपोआप स्वच्छ होतो. तेवढ्यासाठीच तर कागदावर रेघा छापायच्या. तिनं भिंतीकडे बघितलं. नव्या पट्ट्यातलं तिसरं नाव तपकिरी होतं. दुसरं काळपट. त्याच्या खालची सगळी शेंदरासारखी लाल. आणि सगळ्यात वरचं, पहिलं, काळंकुळीट होतं.

लाई यूकन.

“फान योंगलिन!” ती किंचाळली. नवऱ्याला ती पूर्ण नावानं हाक मारायची ती फक्त असं डोकं फिरलं की. तो आवाज चौकातून वर गेला, गल्लीत गेला, डुकरांच्या बाजारापर्यंत गेला असावा.

“काय झालं वहिनी?” वरून आवाज आला. बघायला म्हणून यूकन छपराच्या कडेवरून वाकला.

कौल सटकल्याचा आवाज तिनं ऐकला. मग तो खाली आला, हात पसरून. चौकात उदबत्त्यांच्या मोठ्या कुंडासाठी लोखंडी सळ्या उभ्या रोवल्या होत्या. एक त्याच्या मानेतून आरपार गेली, दुसरी बरगड्यांतून. तो खाली टेकलासुद्धा नाही. पाय जमिनीपासून वीतभर वर हलत राहिले. रक्त सळीवरून सरसर उतरलं आणि नव्या फरशीवर, मग रुळाखाली गेलं. तो तिच्याकडे बघत होता आणि तोंड हलवत होता, पण तोंडातून शब्द येत नव्हता. किती वेळ ते तिला आठवत नाही. यंत्र मात्र छापत होतं. सर्रर्र, टक्.

गाव जमा झालं. सळीवरून त्याला काढायला चार माणसं लागली, आणि काढताना जो आवाज झाला तो ऐकून त्यातला एक भिंतीशी जाऊन ओकला. यूकनचा थोरला भाऊ थिएशान कातड्याचा एप्रन तसाच घालून धावत आला. तो गावचा खाटीक. भावाचं डोकं मांडीवर घेऊन तो बसला.

तिंग आजोबा भिंतीपाशी उभे होते.

“हे कधी छापलं?” त्यांनी विचारलं.

ह्वेईलाननं योंगलिनकडे बघितलं.

“बाई, मी विचारतोय. तो पडायच्या आधी की नंतर?”

“आधी...” ती म्हणाली.

मग जे व्हायचं ते झालं. पहिला फटका कुणी मारला ते तिला दिसलं नाही. खांद्यावरून ओझी वाहायचे बांबू होते सगळ्यांकडे. योंगलिन दोन्ही हातांनी डोकं झाकून खाली बसला, तेव्हा त्यांनी हातांवर मारलं. हाड मोडल्याचा आवाज ओल्या काठीसारखा येतो. ती मध्ये पडली तर तिला केसांना धरून बाजूला फेकलं. “आम्ही मुद्दाम नाही केलं! स्पंज चुकला, स्पंज!” ती ओरडत होती, आणि त्या गलक्यात हे शब्द किती खुळचट वाटतात ते तिचं तिलाच कळत होतं. शेवटी आजोबांनी स्वतः अंग घालून लोकांना मागं सारलं. “पूर्वजांच्या समोर आणखी एक मढं नको,” ते म्हणाले. पोलीस आणि डॉक्टर तालुक्याहून निघाले होते, पण घाटात धुकं होतं. दोन तास तरी लागणार होते. यूकनला फळीवर घालून लोक त्याच्या आईकडे घेऊन गेले. आजोबाही गेले. मागं मंदिरात राहिली ती दोघं आणि यंत्र.

योंगलिनला तिनं बाकावर निजवलं. एक हात कोपराखाली भलतीकडेच वळला होता, ओठ फाटला होता. गाडी मंदिराच्या दाराशीच होती, पण दारात थिएशानचे दोन चुलतभाऊ बसवले होते.

“ह्वेईलान... मी घाई केली,” तो म्हणाला.

“बोलू नकोस.”

“एकच नाव होतं गं...”

“बोलू नकोस म्हटलं ना.”

ती भिंतीपाशी गेली. काय करायला गेली ते तिलाही ठाऊक नव्हतं; कदाचित त्या नावावर आधी पांढरा आणि मग लाल छापून टाकावा असं काहीतरी मनात असेल. खिशातलं भिंग काढून तिनं नाव तपासलं. यंत्रानं छापलेलं काहीही भिंगाखाली ठिपक्यांचं दिसतं. शेजारची लाल नावं तशीच होती, बारीक बारीक ठिपक्यांची. यूकनच्या नावात एकही ठिपका नव्हता. ते एकसंध काळं होतं, कडेला ब्रशचे केस फिरल्यासारख्या रेषा होत्या, आणि एका आडव्या रेघेच्या टोकाला ब्रश उचलताना राहतो तसा बारीक काटा. तिच्या यंत्राला हे जमणारं नव्हतं. कुठल्याच यंत्राला जमणारं नव्हतं. तिनं त्यावर बोट ठेवलं. भिंत बर्फासारखी गार होती आणि तेवढी अक्षरं कोमट होती.

मागं दाराचा अडसर पडला.

थिएशान आत आला होता. चुलतभावांना त्यानं घरी पाठवलं होतं. हातात डुकराची हाडं तोडायचा रुंद सुरा. त्याचे डोळे कोरडे होते, तेच तिला सगळ्यात भयंकर वाटलं.

“तू भिंतीला बोट लावलंस,” तो म्हणाला. “मीही लावलं मघाशी. गरम आहे. हो ना?”

तिनं मान हलवली.

“म्हणजे मी वेडा झालेलो नाही.” तो बाकापाशी गेला आणि योंगलिनच्या उशाशी बसला. “माझी आई आत्ता मला काय म्हणाली माहितीये? त्या माणसाला मारून ये. मी म्हटलं, आई, मी खाटीक आहे, खुनी नाही. मारलं तर मला नेतील, मग तुला कोण बघणार? मग मला ही भिंत आठवली.”

“दादा, चूक झाली... आम्ही...”

“याचं नाव छाप. काळ्यात.”

“तो तुमच्या कुळातला नाही.”

“नसू दे. कोपऱ्यात छाप. भिंतीला काय कळतंय कोण कुठला!”

“मी नाही छापणार.”

थिएशाननं योंगलिनचा धड हात उचलला आणि अवजारांच्या पेटीवर ठेवला. “स्पंज कुठल्या हातानं फिरवलास रे? याच ना?” योंगलिननं ओरडायला तोंड उघडायच्या आत सुरा खाली आला. तर्जनी पेटीवरून घरंगळली आणि रुळापाशी पडली. मग किंकाळी आली, लांबलचक, तिच्यात माणसाचं काही उरलं नव्हतं. ह्वेईलाननं काळं कापड घेऊन त्या हातावर गुंडाळलं, आवळलं, पुन्हा आवळलं. तिचे हात थरथरत नव्हते. पुढे कितीतरी महिने तिला याचं नवल वाटत राहिलं.

“अजून नऊ आहेत,” थिएशान म्हणाला. “आणि मग मान. त्यापेक्षा तुझं यंत्र बरं. ते हळूच नेईल.”

“यूकनला हळूच नेलं?” ती म्हणाली.

त्यानं सुरा यंत्राकडे रोखला. मग म्हणाला, “बस तिथं. टाईप कर.”

ती यंत्राच्या संगणकापाशी बसली. फान, तिनं अक्षर टाकलं. योंग, म्हणजे कायमचा. मग ‘लिन’ टाकल्यावर पडद्यावर नेहमीसारखी रांग आली. उच्चार एक आणि अक्षरं पंधरा-वीस. लिन म्हणजे रान. लिन म्हणजे लांबलेला पाऊस. लिन म्हणजे मासोळीचा खवला. तिच्या नवऱ्याचा लिन रानाचा होता. तिचं बोट त्यावर थांबलं.

थिएशान मागून वाकला. त्याच्या श्वासाला तांदळाच्या दारूचा वास होता. आणि मग त्यानं तोच प्रश्न विचारला, जो या देशात नवं नाव ऐकलं की प्रत्येक माणूस विचारतो.

“कुठला लिन?”

त्याला माहीत नव्हतं. त्यानं हे नाव फक्त ऐकलं होतं, तिच्या किंकाळीतून. लिहिलेलं कधी बघितलं नव्हतं.

“शेजाऱ्याचा,” ती म्हणाली.

“शेजाऱ्याचा लिन? योंगलिन... कायमचा शेजारी? असं नाव कोण ठेवतं?”

“त्याच्या आईनं ठेवलं. पुरात घर वाहून गेलं, हा शेजाऱ्याच्या माडीवर जन्मला. शेजाऱ्यानं ठेवून घेतलं नसतं तर दोघंही गेली असती.” ती कुठून हे बोलत होती देव जाणे. सासूच्या जन्मात कधी पूर आला नव्हता. “त्या उपकाराचं नाव आहे ते.”

तो तिच्याकडे बघत राहिला. बाकावर योंगलिन कण्हत होता. त्यानं हे ऐकलं का, ऐकून कळलं का, कुणास ठाऊक.

“बरं आहे,” थिएशान म्हणाला. “छाप.”

हे अक्षर नावात कुणी घालत नाही, ती स्वतःला सांगत होती. हे पत्त्यात असतं, तक्रारअर्जात असतं. अशा नावाचा माणूसच नाही जगात. कुणाच्याच जिवावर बेतणार नाही. तिनं बटण दाबलं. डोकं खाली कोपऱ्यापाशी गेलं. सर्रर्र. जांभळा उजेड भिंतीवर सरकला आणि त्याच्यामागं तीन काळी अक्षरं राहिली. टक्. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

मग दोघांनी वाट बघितली. थिएशान सुरा मांडीवर आडवा घेऊन उंबऱ्यावर बसला आणि योंगलिनच्या छातीकडे बघत राहिला. छाती वर-खाली होत होती. धुकं चौकातून उतरून सळ्यांभोवती साचलं होतं. रक्ताचा आणि कच्च्या रंगाचा उग्र वास एकात एक मिसळला होता. एकदा योंगलिनचा श्वास अडकला आणि तिचाही अडकला. पण तो पुन्हा सुरू झाला. दहा मिनिटं गेली. वीस गेली.

“का होत नाहीये?” थिएशान पुटपुटला. “भावाला तर लगेच...”

त्याचा फोन वाजला. तालुक्याच्या गटावर कुणीतरी निरोप टाकला होता. त्यानं तो वाचला. मग फोन डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा वाचला.

“घाटात ट्रक दरीत गेला,” तो हळू आवाजात म्हणाला. “बांबूचा. धुक्यात. बांबू केबिनमधून आरपार... तीन वाजून दहा मिनिटांनी.” त्यानं मान वर केली. “चालकाचं नाव फान योंगलिन. शेजाऱ्याचा लिन.”

ह्वेईलान उठली. ती यंत्राचा खांब धरून उभी राहिली.

“हा कोण?” त्यानं विचारलं.

“मला... मला माहीत नाही.”

“बावन्न वर्षांचा होता म्हणे.” तो बाकावरच्या माणसाकडे बघत होता, मग भिंतीकडे, मग तिच्याकडे. ते त्याला कळायला वेळ लागला नाही. खाटीक असला तरी मूर्ख नव्हता. “तू मला खोटं अक्षर दिलंस.”

तो उठला. सुरा त्यानं आता मारायला धरतात तसा धरला होता. ती मागं सरली नाही. तिनं यादी उघडली, एक ओळ निवडली, रंग काळा केला, आणि बटणावर बोट ठेवलं.

“लाई थिएशान,” ती म्हणाली. “थिए म्हणजे लोखंड. शान म्हणजे डोंगर. यादीत दोनशे सत्त्याऐंशीवा. तिंग आजोबांनी तीनदा तपासलंय. याच्यात चूक होणार नाही.”

तो जागच्या जागी थांबला.

“एक पाऊल टाक, दादा. टाकून बघ.”

रोज पहाटे दोन डुकरांच्या गळ्यावरून सुरा फिरवणाऱ्या त्या माणसाच्या हातून सुरा फरशीवर पडला. त्यानं पाठ न वळवता, तिच्या बोटाकडे बघत, मागं मागं जात दाराचा अडसर काढला आणि धुक्यात पळाला. त्याच्या पावलांचा आवाज थांबला तरी तिचं बोट बटणावरच होतं. तो आणखी एक पाऊल पुढे आला असता तर तिनं दाबलं असतं. भीतीनं नव्हे. त्या क्षणी तिला ते दाबावंसं वाटत होतं, आणि तिला स्वतःचीच किळस आली.

यंत्र तिथंच टाकून ती नवऱ्याला घेऊन डोंगर उतरली. घाटात एका वळणावर दिवे लावून माणसं उभी होती, दोर दरीत सोडला होता. तिनं गाडी थांबवली नाही आणि काच खाली केली नाही.

इस्पितळाच्या बाकावर बसून तिनं फोनवर ते सरकारी पान उघडलं. बाळाचं नाव ठेवण्याआधी लोक बघतात ते. नाव टाकलं की देशात त्या नावाची किती माणसं आहेत ते दिसतं. पुरुष किती, बायका किती, कुठल्या काळात जन्मलेली. फान योंगलिन, रानाचा लिन, तिनं आधी टाकलं. आकडा चार हजारांवर होता. मग तिनं शेजाऱ्याचा लिन टाकला.

नऊ.

नऊ माणसं होती. कुणीतरी ठेवलं होतं असं नाव, नऊ वेगवेगळ्या घरांत, कुठल्या कुठल्या कारणानं. तिच्या थापेसारखंच काही खरं घडलं असेल कुणाच्या घरी. ट्रकचालक यात अजून धरलेला आहे का नाही, हे तिला कळेना. दुसऱ्या सकाळी तिनं पुन्हा बघितलं. आठ. म्हणजे तो कालपर्यंत धरलेला होता, आज गेला. ती जरा सावरली. आठवड्यानं बघितलं तेव्हा सात होते.

तिनं तिंग आजोबांना फोन केला. “आजोबा, कोपऱ्यातलं ते नाव पुसा. पाया पडते.”

“अगं, त्याच दिवशी गवंड्याकडून खरवडून घेतलं,” ते म्हणाले. “वरून तीन हात चुना मारला. आता काहीच दिसत नाही.” मग म्हणाले, “तेवढ्या जागेवरचा चुना वाळत नाही मात्र. थंडी आहे ना... म्हणून असेल.”

थिएशान गाव सोडून गेला होता. उरलेली नावं आजोबांनी स्वतः ब्रशनं लिहिली. यंत्र त्यांनी ट्रकवर चढवून परत पाठवलं, आणि दोघं पुन्हा भिंती छापायला लागली. पोट कुणाला चुकलंय? योंगलिन आता चार बोटांच्या हातानं प्रत्येक रंगाचा स्पंज वेगळा धरतो आणि रेघा छापून तिला दाखवल्याशिवाय पुढे जात नाही. त्या दुपारचं त्याला सुऱ्यापर्यंतचंच आठवतं. आपल्याऐवजी कुणीतरी गेलं हे त्याला माहीत नाही. तिनं सांगितलेलं नाही. सांगणारही नाही.

पाच. चार. वसंतातल्या सणाला चार होते, कंदिलांच्या दिवशी दोन. तिला त्यांची तोंडं माहीत नव्हती, तरी ती रात्री उठून त्यांच्यासाठी उदबत्ती लावायची. कुणाला, कसं कळवणार? पोलिसात जाऊन काय सांगणार? मार्चमध्ये एकच उरला. पुरुष, नव्वदच्या दशकातला. तो बावीस दिवस टिकला. तेविसाव्या दिवशी पानावर शून्य आलं आणि ती ढसाढसा रडली. मग त्या रात्री कितीतरी महिन्यांनी ती गाढ झोपली, आणि सकाळी उठल्यावर आपण किती छान झोपलो याचीच तिला लाज वाटली. आता निदान संपलं होतं. भिंतीला न्यायला कुणी उरलं नव्हतं.

पान उघडायची सवय मात्र सुटली नाही. एप्रिलच्या शेवटी, एका शाळेच्या भिंतीपुढे गाडीत बसून डबा खाता खाता तिनं नाव टाकलं. शून्य नव्हतं.

एक.

खाली लिहिलं होतं: स्त्री, एक. जन्म, याच वर्षी.

कुठल्या गावात, कुणाच्या घरी, ते पान सांगत नाही. ह्वेईलान दर तासाला ते उघडून बघते. अजून तरी आकडा एकच आहे.